पुण्याचे पाणी इंदापुराला येते



शाळेच्या भिंतीवर पुणे जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असतो. गुरुजींनी त्यावर एकदा बोट ठेवून नद्यांच्या वाटेनं फिरून पाहावं. भोरच्या डोंगरातून निघालेली आपली नीरा वीर धरणातून खाली येते आणि निंबुत, सोमेश्वरनगर, सांगवी असा आपला पट्टा उजव्या-डाव्या हाताला ठेवीत बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण कडेनं पूर्वेला जाते. तिकडे पुण्यात मुळा आणि मुठा संगमापाशी एक होतात. ती मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात अडते आणि तिथून सुटून नरसिंगपूरला येते. तिथं लक्ष्मीनृसिंहाच्या देवळापाशी नीरा आणि भीमा भेटतात. म्हणजे आपण सोमेश्वरनगरकर आणि पुणेकर निरनिराळ्या नद्यांच्या काठी राहत असलो, तरी दोघांचं सांडलेलं पाणी शेवटी एकाच घाटाला लागतं.

इंदापूर तालुक्याचा संबंध तर याहून जवळचा आहे. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांत पसरला. भिगवणला पाखरं बघायला लोक लांबून येतात, तो हाच फुगवटा. पुण्यात सकाळी नळ सोडून धुतलेल्या भांड्यांचं पाणी काही दिवसांनी त्या फुगवट्यात उतरतं. तेच पुढे सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यात जातं आणि तेच पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहतं. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांच्या पादुकांना नीरा गावाशी आणि तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरास्नान घडतं. वारकरी पंढरीत पोचला की भीमेत उतरतो. तेव्हा शहर आपली नदी कशी राखतं, हा प्रश्न शहराच्या नगरसेवकांवर सोडून देण्याजोगा नाही. वरच्यानं काय सोडलं, हे खालच्याला समजलंच पाहिजे.

आता मुळाशी जाऊ. घरात शंभर लिटर पाणी आलं, तर त्यातलं ऐंशी लिटर तरी वापरून गटारात जातं. सांडपाणी म्हणतो ते हेच. त्यात साबण असतो, तेल असतं, मैला असतो, शिळं अन्न असतं. तरी वजनानं पाहिलं तर त्यातला बहुतेक सगळा भाग पाणीच असतं, घाण अगदी थोडी. मग एवढ्याशा घाणीनं नदी मरते कशी? पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. एका लिटरमागे फार तर आठ-नऊ मिलिग्रॅम. म्हणजे मीठ घालताना दोन बोटांच्या चिमटीतून जेवढं सुटतं, त्याच्याहूनही कितीतरी कमी. मासा त्याच्यावर जगतो. पाण्यात सूक्ष्म जीवही असतात, आणि त्यांना घाण म्हणजे पंगतीचं जेवण. ते जेवू लागले की श्वासही तितकाच घेतात. घाण जास्त झाली की सूक्ष्म जीव भराभर वाढतात आणि सगळा प्राणवायू ओढून घेतात. मासे तडफडून वर येतात. त्यानंतर जे जीव प्राणवायूवाचून जगतात त्यांचं राज्य सुरू होतं, पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नदी विषानंच मरते असं नाही, बहुतेक वेळा ती गुदमरून मरते.

म्हणून सरकारी अहवालात सांडपाण्याची घाण मोजताना ती प्राणवायूच्या मागणीत मोजलेली असते. एक लिटर पाण्यातली घाण पचवायला सूक्ष्म जीवांना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, तो आकडा. घरगुती सांडपाण्यात तो साधारण दोनशे ते तीनशे येतो, आणि शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात तो तिसाच्या आत असावा अशी जुनी मर्यादा आहे. नव्या केंद्रांकडून दहाच्या आत अपेक्षा धरली जाते. हे तीन आकडे गुरुजींनी वहीत टिपून ठेवावेत. पुढं उपयोगी पडतील.

पाणी निवळवणं ही काही साहेबानं शिकवलेली विद्या नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत दगडी नळानं पाणी आणलं. कात्रजला तळी दोन, एकाखाली एक. वरच्यात गाळ बसायचा आणि खालच्यातलं निवळलेलं पाणी नळात शिरायचं. वाटेत उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे कोंडलेली हवा निघून जावी आणि उतरून साफसफाईही करता यावी. आजच्या शुद्धीकरण केंद्राच्या पहिल्या दोन पायऱ्या याच आहेत, फक्त त्या पिण्याच्या पाण्याऐवजी सांडपाण्यावर चालतात.

पुण्यात भैरोबा नाल्यावर असं एक केंद्र आहे. दिवसाला १३ कोटी लिटर पाणी घेण्याइतकं मोठं. नायडू, बोपोडी, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी अशी इतरही आहेत. आत काय चालतं ते सांगतो. गटाराचं पाणी आधी लोखंडी जाळ्यांवर येतं. चिंध्या, पिशव्या, बाटल्या, निर्माल्य, कधी कधी गादीसुद्धा, ते इथं अडतं. मग पाणी संथ करतात, की वाळू-माती तळाला बसते. मग मोठ्या गोल टाकीत जड गाळ खाली बसतो आणि तेलकट साय वर येते, ती काढून घेतात. इथवर काम कात्रजच्या तळ्याचंच. खरी करामत पुढच्या टाकीत आहे. तिथं पाण्यात खालून सतत हवा सोडतात. नदीत जे सूक्ष्म जीव प्राणवायू संपवून नदीला मारतात, तेच इथं राबवून घेतात. त्यांना घाण द्यायची, भरपूर हवा द्यायची आणि काय खायचं ते इथंच खा म्हणायचं! काही तासांत ते फुगून गुबगुबीत होतात, त्यांचा तपकिरी गाळ होतो आणि पुढच्या टाकीत तो तळाला बसतो. वर राहतं ते बरंचसं नितळ पाणी.

आता एक गंमत पाहा. त्या गाळातला काही भाग काढून परत पहिल्या हवेच्या टाकीत घालतात. कशाला? घरातल्या बाईमाणसाला हे सांगायला नको. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घातलं की रात्रीत दही लागतं, तसं हे विरजण. विरजण मेलं की दही बिघडतं. तसंच इथंही आहे. कुणी रात्रीच्या अंधारात रसायनाचा टँकर गटारात ओतला, किंवा वीज जाऊन हवेचे पंखे बराच वेळ बंद पडले, की टाकीतले जीव मरतात आणि केंद्र चालू दिसत असलं तरी घाण जशीच्या तशी बाहेर पडते. विरजण पुन्हा लागायला दिवस जातात. म्हणून केंद्र बांधलं किती, यापेक्षा ते रोज चाललं किती, हे विचारावं. उद्घाटनाची पाटी टाकी चालवीत नाही.

उरलेला गाळ वाळवून किंवा बंद टाकीत कुजवून त्यातून वायू आणि खत काढता येतं. शेवटी पाण्याला क्लोरीन देतात, म्हणजे रोगजंतू मरावेत.

हे ऐकून वाटेल, की मग पुण्याची नदी स्वच्छ का नाही? कारण केंद्रापर्यंत सगळं सांडपाणी पोचतच नाही. शहर वाढलं चहूकडे, आणि गटाराचे नळ मागून धावले. आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी हे एके काळचे पावसाळी ओढे. आज उन्हाळ्यातसुद्धा ते वाहताना दिसतात, आणि उन्हाळ्यात ओढा वाहतो तो कशानं, हे सांगायला ज्योतिषी नको. ही उणीव भरून काढायला केंद्र सरकारनं जपानच्या कर्जाचा करार २०१६ च्या जानेवारीत केला. ११ नवी केंद्रं, मिळून रोज सुमारे ४० कोटी लिटर पाणी शुद्ध करणारी, असा तो बेत. प्रत्यक्ष कामाला हात लागायला २०२२ उजाडलं. त्याच वर्षी नदीकाठ सुशोभित करण्याचं, ४४ किलोमीटर काठ बांधून काढण्याचं दुसरं कामही शहरानं हाती घेतलं. त्यावर बरीच भांडणं झाली, झाडांची आणि पुराच्या पाण्याच्या वाटेची. मला एवढंच वाटतं, की आजारी माणसाला आधी औषध द्यावं, नवी कापडं मागाहून शिवावीत.

आता ज्या गोष्टीशी आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा थेट संबंध आहे, तिच्याकडे येऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये २,८३२ कोटी. या पाण्यावर पुणे शहर जगतं आणि नवा मुठा उजवा कालवाही. तो कालवा हवेली, दौंड करीत थेट इंदापूर तालुक्यापर्यंत येतो, लांबी २०२ किलोमीटर. शहर जितकं जास्त पाणी उचलेल, तितकं कालव्याच्या शेपटाला कमी. आणि शेपटाला कोण आहे? इंदापूर. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, या काळजीत तिथल्या शेतकऱ्याचा उन्हाळा जातो.

यावर तोड म्हणून शहर आणि पाटबंधारे खातं यांच्यात असं ठरलं, की धरणातलं पाणी शहरानं वापरावं आणि वापरून झालेलं शुद्ध करून शेतीला परत द्यावं, वर्षाला साडेसहा टीएमसी. त्यासाठी मुंढव्याला नदीकाठी मोठी विहीर, म्हणजे जॅकवेल, बांधली. २०१५ च्या सुमारास तिथून पाणी उचलून साडेसतरा नळीपाशी जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडायला सुरुवात झाली. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात. साडेसहा टीएमसी म्हणजे हिशेबानं रोजचं ५० कोटी लिटर. कल्पना वाईट नाही. उलट मला ती फार चांगली वाटते. एकच पाणी दोनदा कामाला येतं, धरणातलं स्वच्छ पाणी वाचतं, आणि सांडपाण्यातला नत्र-स्फुरद पिकाला फुकट मिळतो. पण सगळा व्यवहार एका शब्दावर उभा आहे, 'शुद्ध करून'. नदीतून उचललेलं पाणी जर नाल्यांनी आणलेलं कच्चं सांडपाणी मिसळलेलं असेल, तर तो व्यवहार राहत नाही, ती शहराची घाण शेतकऱ्याच्या पाटात वळवणं होतं. बेबी कालव्यावरच्या गावांनी, पाण्याला फेस येतो, वास येतो, विहिरी बिघडतात, अशा तक्रारी वेळोवेळी केल्या आहेत. त्या किरकिर म्हणून बाजूला सारू नयेत. माल देणारा आपलं माप बरोबर आहे म्हणतो, तेव्हा घेणाऱ्यानं तराजू आपल्या हातात घ्यावा.

आणि पाणी नीट शुद्ध झालं तरी त्यातून एक गोष्ट जात नाही. मीठ. सूक्ष्म जीव अन्न खातात, क्षार खात नाहीत. साबणातले, लघवीतले, रसायनातले क्षार जसेच्या तसे कालव्यात येतात. क्षार म्हणजे काय, हे नीरेकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. बारामती-इंदापूरचा दुष्काळी माळ हिरवा झाला, ऊस आला. पण पाणी दिलं आणि निचरा केला नाही, तिथं काही वर्षांत जमिनीत पाणी तुंबलं आणि खालचे क्षार वर आले. काळीभोर जमीन पांढरी पडली, चोपण झाली. गोड पाण्याच्या कालव्यावर ही दशा होते, तर मुळातच खारट पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यानं किती जपावं! असं पाणी घ्यायचं तर चर काढून निचरा आधी करावा, शेणखत-हिरवळीचं खत सोडू नये आणि वर्षातून एकदा माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावं. माळेगावला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ही तपासणी होते. आणखी एक. असल्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी, म्हणजे जे आपण कच्चं खातो ते, घेऊ नये. जंताची अंडी आणि जुलाबाचे जंतू पानाला चिकटून घरी येतात. ऊस, कडबा, झाडं यांना तो धोका फारसा नाही.

उजनीच्या फुगवट्यात वेगळंच चालतं. तिथं शहराचं खत पाण्यातच मुरतं. शेवाळ माजतं, पाणी हिरवं दिसतं, जलपर्णी पसरते. चिलापीसारखा चिवट मासा तगतो, नाजूक जातीचे मासे कमी होतात. मासेमाराच्या जाळ्यात वजन भरतं, पण दर मिळत नाही.

इथवर पाण्याचं झालं. मग कचऱ्याचा आणि नदीचा संबंध काय? दोन ठिकाणी आहे. एक तर उघड्यावर टाकलेला कचरा पहिल्या पावसात ओढ्यात जातो, प्लॅस्टिक मोऱ्यांची तोंडं बुजवतं आणि ओढा घरांत शिरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्यात माणसं गेली. पाऊस मोठा होता हे खरं, पण ओढ्याची वाट माणसानं अरुंद केली होती हेही खरं. दुसरा संबंध डोळ्यांना दिसत नाही. ओला आणि सुका कचरा एकत्र ढिगात टाकला की तो कुजतो आणि त्यातून काळा रस पाझरतो. तो जमिनीत उतरतो आणि विहिरींना मिळतो.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना विचारा. कोथरूडचा जुना डेपो बंद झाल्यावर नव्वदच्या दशकात पुण्याचा कचरा त्यांच्या हद्दीतल्या खाणींकडे जाऊ लागला. विहिरींचं पाणी पिववेना, टँकर लावावे लागले, ढिगाला आगी लागल्या, धुरानं गाव कोंडलं. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकदा नव्हे, अनेकदा. ज्या आठवड्यात गाड्या अडत, त्या आठवड्यात पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचे आणि शहराला एकदम कळे, की आपण टाकतो ते कुठंतरी पडत असतं! ही गावं शहाणी झाली नसती तर पुणं शहाणं झालं नसतं, असं मी म्हणेन. त्यानंतरच रोज दोन हजार टनांहून अधिक निघणारा कचरा जागीच वेगळा करायचा, ओल्याचं खत किंवा वायू करायचा, सुक्यातलं विकण्याजोगं विकायचं, असा आग्रह जोर धरू लागला. देशाच्या २०१६ च्या नियमांनी तर ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन वाटे घरातच करावेत, असं बंधन घातलं.

पण कागदावरचं बंधन घरोघरी नेलं कुणी? तर ज्यांना शहर कालपर्यंत हिडीसफिडीस करीत होतं, त्या बायांनी. पुण्यातल्या कचरावेचक बहुतेक दलित समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून पोटामागे आलेल्यांच्या लेकी-सुना त्यांत पुष्कळ. पाठीवर पोतं, हातात आकडा, उकिरड्यावर वाकून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याला घालायचा. कुत्री मागे, पोलीस पुढे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या बायांशी संबंध आला. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी राहिले आणि १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. या बायांची पहिली मागणी पैशाची नव्हती. आम्ही चोर नाही, कामगार आहोत, हे मान्य करा, ही होती. काही वर्षांत पालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली. पुढे २००७ साली त्यांनी 'स्वच्छ' नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून त्या दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. आज त्यात तीन हजारांहून अधिक जण काम करतात.

सहकार म्हणजे काय, हे सोमेश्वरनगरच्या माणसाला सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. शेतकऱ्यांनी ऊस एकत्र आणून कारखाना काढला, तसं या बायांनी आपली मेहनत एकत्र आणली. घरामागे दरमहा थोडी फी मिळते आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल ते त्यांचंच. म्हणून कागद भिजू नये, बाटलीत आमटी नसावी, याची कळकळ त्यांच्याइतकी कुणाला नाही. पगारी माणूस गाडीत ओतून मोकळा होतो. ही बाई निवडते, कारण निवडलेल्यावर तिची चूल पेटते. पुठ्ठा कोरडा असला तर माल, त्यावर भाताची पेज सांडली तर घाण. वस्तू तीच, फरक फक्त मिसळण्याचा. तिथून माल छोट्या भंगारवाल्याकडे, मग मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कागद गिरणीत, काचेच्या भट्टीत, प्लॅस्टिकच्या कारखान्यात जातो.

सगळं गोड आहे असं समजू नका. चिप्सच्या पाकिटाला आत चंदेरी मुलामा असतो, ते कुणी विकत घेत नाही. बाळाची लंगोटी आणि बाईच्या महिन्याचं कापड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणारीचा हात सांभाळेल, असं या संघटनेनं वर्षानुवर्षं सांगितलं, तरी उघडंच टाकणारी सुशिक्षित घरं आहेत. पेठापेठांत बसवलेली ओल्या कचऱ्याची वायूकेंद्रं काही चालली, काही गंजली. राज्यानं २०१८ च्या मार्चमध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली. भाजीवाल्याकडे त्या पिशव्या आजही दिसतात, ते का, हे घेणाऱ्यालाच विचारावं लागेल.

आता आपल्या अंगणात येऊ. उसाचा कारखाना म्हणजे वेगळं ठेवण्याची शाळाच आहे. शंभर किलो ऊस गाळला तर साखर अकरा किलोच्या आसपास पडते. अठ्ठावीस-तीस किलो बगॅस निघतं, ते बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं. तीन-चार किलो प्रेसमड निघतो, तो खताला जातो. चारेक किलो मळी, तिची डिस्टिलरीत स्पिरिट आणि इथेनॉल होतं. उसातलं पाणीसुद्धा वाफेतून परत मिळतं आणि कारखान्यात फिरतं. वेगवेगळं राहिलं तोवर प्रत्येकाला भाव आहे. गोम डिस्टिलरीच्या शेवटी आहे. एक लिटर स्पिरिटमागे दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो, काळ्या चहासारखा. मघाचा आकडा आठवा: घरच्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी दोनशे-तीनशे. स्पेंटवॉशची चाळीस-पन्नास हजार! त्याच्यापासून आधी वायू करतात, मग तो आटवून जाळतात किंवा प्रेसमडवर मारून खत करतात. नियमानं वागलं तर नदीत त्याचा थेंब पडायचं कारण नाही. पण एखाद्या कारखान्यानं एखाद्या रात्री एक टाकी सोडली, तर ओढ्याकाठची पंधरा गावं सकाळी मेलेले मासे मोजत बसतात.

असं घडलं तर जाब विचारायची सोय आपल्या राज्यानं लवकर केली. पाणी प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्रानं १९६९ सालीच कायदा केला आणि १९७० मध्ये त्यासाठी मंडळ नेमलं. देशाचा कायदा १९७४ चा. पण मंडळाचा माणूस पोचेपर्यंत नदी वाहून गेलेली असते. म्हणून पहिला नमुना गावानंच घ्यायला शिकलं पाहिजे.

गावात पूर्वी उकिरडा होता आणि त्याची कुणाला लाज नव्हती. शेण, राख, पाचट, खरकटं, सगळं कुजायचं आणि पाडव्यानंतर गाड्या भरून रानात जायचं. प्लॅस्टिक आलं आणि उकिरड्याचं खत बिघडलं. आज शेतात शेणखत पसरलं की आधी पिशव्या वर येतात आणि नांगराच्या फाळाला गुंडाळतात. न्हाणीचं पाणी आळूला आणि केळीला जात होतं, ते आता सिमेंटच्या गटारातून थेट ओढ्याला आणि ओढ्यातून नीरेला. गटार बांधलं म्हणजे सुधारणा झाली असं नव्हे. त्याचं तोंड कुठं उघडतं ते पाहावं. प्रत्येक घरामागे तीन-चार फूट खोल शोषखड्डा, दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला, नाहीतर परसात केळीचं आळं, एवढं झालं तरी गावच्या ओढ्याचं निम्मं ओझं उतरतं. मात्र विहिरीपासून आणि हातपंपापासून खड्डा पन्नास फूट तरी लांब हवा.

गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो, खर्च काही नाही. काचेच्या तीन सारख्या बरण्या घ्या. तिन्हींत कालव्याचं पाणी भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत गुळाचा लहान खडा टाका आणि गच्च झाकण लावा. तिसरीतही तेवढाच गूळ टाका, पण झाकण लावू नका, आणि मुलांना पाळीपाळीनं सुट्टीच्या वेळी एका स्वच्छ भांड्यातून ते पाणी उंचावरून ओतून परत बरणीत घालायला लावा, म्हणजे हवा मिसळेल. चार-पाच दिवसांनी बरण्या उघडून, चव न घेता, वास घ्या. नदी का गुदमरते आणि केंद्रात पंखे कशाला लागतात, हे मुलांना नाकानं कळेल. हात मात्र साबणानं धुवायला लावा.

आणि नमुना घेण्याची रीत. ओढ्याला फेस, रंग किंवा मेलेले मासे दिसले, तर दोन लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळावी. वाहत्या धारेत, काठापासून जरा आत, तोंड प्रवाहाकडे करून बुडवावी. काठोकाठ भरून पाण्याखालीच झाकण लावावं, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. जिथून घाण आली असं वाटतं, तिच्या वरच्या बाजूचीही एक बाटली घ्यावी, नाहीतर तुलना होत नाही. ग्रामसेवक आणि दोन गावकरी साक्षीला असावेत, आणि पंचनामा दोन ओळींचा का होईना, लिहून ठेवावा. बाटल्या बर्फात किंवा ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पोचवाव्यात आणि पोच घ्यावी. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून जागा, तारीख आणि वेळ लिहावी. पण पेन्सिलीनं, कारण शाई पाणी लागलं की पसरते.